‘शूल’ला ‘सिनेगॉग’ म्हणून काय साधतं?

२ नोव्हेंबर २०१८ रोजी ‘पिट्सबर्ग पोस्ट-गॅझेट’ या अमेरिकी दैनिकाच्या पहिल्या पानावरचा मथळा इंग्रजीत नव्हता. हिब्रू अक्षरांत छापलेले चार शब्द होते : यितगदल वेयितकदश श्मे रबा. त्याआधीच्या शनिवारी, २७ ऑक्टोबरला, शहरातल्या ‘ट्री ऑफ लाइफ’ प्रार्थनागृहात शिरून एका बंदूकधाऱ्याने अकरा जणांचा जीव घेतला होता. बहुतेक वाचकांना ती लिपी ओळखूही येणार नव्हती. तरी संपादकांनी शब्द तसेच छापले, आणि माझ्या मते अगदी योग्य केलं.

हे शब्द म्हणजे कद्दिशची सुरुवात. भाषा खरं तर हिब्रू नव्हे, अरामी. लिपी तेवढी हिब्रू. जवळचं माणूस गेल्यावर कद्दिश म्हणतात, पण त्यात मरणाचा किंवा गेलेल्या माणसाचा उल्लेखच नाही. ‘त्याचं थोर नाव आणखी थोर, आणखी पवित्र होवो’ अशी स्तुती तेवढी आहे. आणि परंपरेप्रमाणे ती एकट्याने म्हणता येत नाही. दहा जण जमावे लागतात, त्या दहांना ‘मिन्यान’ म्हणतात. ज्याच्या घरी दुःख आहे तो उभा राहून म्हणतो आणि बाकीचे ‘आमेन’ म्हणत त्याला साथ देतात. ‘कद्दिश’ म्हटलं की ती दहा माणसं, ते उभं राहणं, ते साथ देणं सगळं डोळ्यांपुढे येतं. ‘शोकप्रार्थना’ म्हटलं की यातलं काहीच येत नाही. उलट जो शोक त्या प्रार्थनेत नाही, तोच नावात येऊन बसतो.

अमेरिकेतल्या ज्यू समाजात गेली काही वर्षं एक वाद चालू आहे, आणि तो आपल्यालाही विचार करायला लावणारा आहे. तिथल्या ज्यूंचं इंग्रजी साधारण असं असतं : ‘शाबसला शूलमध्ये डावन करून आमच्याकडे जेवायला या, बेंचिंग होईपर्यंत थांबा.’ म्हणजे शनिवारच्या पवित्र दिवशी (शाबस) प्रार्थनागृहात (शूल) प्रार्थना करून (डावन) या, आणि जेवणानंतरची आभाराची प्रार्थना (बेंचिंग) होईपर्यंत थांबा. वाक्याची चौकट इंग्रजी, पण मोक्याच्या जागी हिब्रू आणि यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) शब्द. समाजातल्याच काही लोकांचं म्हणणं असं, की निदान सार्वजनिक कार्यक्रमांत, पत्रकांत आणि प्रवचनांत हे शब्द टाळावेत. सरळ ‘सिनेगॉग’ म्हणा, ‘प्रेअर’ म्हणा. त्यांच्या म्हणण्याला आधार आहे. प्यू या अमेरिकी संशोधनसंस्थेच्या २०२० च्या पाहणीनुसार अमेरिकेत सुमारे ७५ लाख ज्यू आहेत, आणि २०१० नंतर लग्न केलेल्यांपैकी ६१ टक्क्यांचा जोडीदार ज्यू नाही. म्हणजे प्रत्येक प्रार्थनागृहात, प्रत्येक सणाच्या जेवणाला कुणी ना कुणी नवखं माणूस बसलेलं असणार. सासरच्या पंगतीत दर तिसरा शब्द कळत नाही तेव्हा कसं अवघडल्यासारखं होतं, हे सांगायला नको. ही काळजी मला खरी वाटते. त्यावर सुचवलेला उपाय मात्र चुकीचा वाटतो.

तो का चुकीचा, हे समजायला हे शब्द कोणत्या वाटेने आले ते पाहावं लागेल. यिडिश साधारण हजार वर्षांपूर्वी ऱ्हाईन नदीच्या खोऱ्यात घडली. पाया जर्मन, त्यात हिब्रू-अरामी मुरलेली, पुढे पूर्वेला सरकताना स्लाव्ह भाषांचा रंग चढलेला, आणि लिपी हिब्रू. १८८१ ते १९२४ या काळात पूर्व युरोपातून वीस लाखांवर ज्यू अमेरिकेत आले. १९२४ च्या कायद्याने तो ओघ जवळपास थांबला. तोवर न्यूयॉर्कमध्ये यिडिश वर्तमानपत्रं आणि नाटकगृहं जोरात चालली होती. १८९७ साली सुरू झालेल्या ‘फोरव्हर्ट्स’ या यिडिश वर्तमानपत्राने १९०६ पासून वाचकांची पत्रं छापायला सुरुवात केली. नवरा सोडून गेला, मुलगा ऐकत नाही, कारखान्यात मालक छळतो, असं सगळं त्यात असे. एवढी जिवंत भाषा. पण आधी येऊन स्थिरावलेले जर्मन ज्यू तिला ‘जार्गन’ म्हणत, म्हणजे धेडगुजरी बोली. शाळेत मुलांना ती विसरायला लावली जाई. घरी आईबाप मुलांना कळू नये असं काही असेल तेव्हा यिडिशमध्ये बोलत. मग मुलांच्या वाट्याला काय आलं? रागावताना निसटलेले शब्द, खाण्याचे शब्द, लाडाचे शब्द आणि देवाधर्माचे शब्द. अख्ख्या भाषेतलं तेवढंच पुढच्या पिढीच्या हाती राहिलं.

आणि मग मागे राहिलेलं मूळ घरच जळालं. दुसऱ्या महायुद्धाआधी जगात एक कोटीच्या वर यिडिश बोलणारे होते. मारल्या गेलेल्या साठ लाख ज्यूंपैकी सुमारे पन्नास लाखांची ती भाषा होती. भाषा जाते ती सहसा नातवंडांनी दुसरी उचलल्यामुळे, हळूहळू. इथे बोलणाऱ्यांनाच संपवलं गेलं. आज ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्ग आणि बरो पार्कमधल्या हसिदी, म्हणजे कडक परंपरा पाळणाऱ्या ज्यूंच्या, वस्त्यांत मुलं अजून यिडिशमध्येच भांडतात आणि खेळतात. बाकी अमेरिकी ज्यूंकडे उरले ते इंग्रजी वाक्यात विखुरलेले काही शब्द.

त्या शब्दांचं मोठ्या अमेरिकेने काय केलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. दूरचित्रवाणीवरच्या विनोदवीरांच्या तोंडून ‘श्लेप’ (ओढत नेणं), ‘क्वेच’ (कुरकुरणं), ‘क्लुट्झ’ (वेंधळा), ‘नॉश’ (मधल्या वेळचं खाणं) घराघरांत गेले, आणि यिडिश म्हणजे हसायची भाषा असा समज पक्का झाला. ज्या भाषेत १९२५ साली विल्नामध्ये (आजचं लिथुआनियातलं व्हिल्नियस) ‘यिवो’ ही संशोधनसंस्था उभी राहिली, अर्थशास्त्रापासून मानसशास्त्रापर्यंतचं संशोधन झालं, ज्या भाषेत न्यूयॉर्कमध्ये येऊनही आयुष्यभर लिहिणाऱ्या आयझॅक बशेव्हिस सिंगर यांना १९७८ चं नोबेल मिळालं, तिची ओळख चाळीसपन्नास गमतीदार शब्दांवर येऊन ठेपली. उसने शब्द टिकले म्हणजे भाषा टिकली, असं अजिबात नाही.

अर्थही बदलतात. ‘खुत्स्पा’ हा हिब्रू-यिडिश शब्द मुळात निर्लज्जपणासाठी आहे. त्याची जुनी व्याख्या अशी : आईबापांना मारून न्यायाधीशापुढे ‘मी अनाथ आहे, दया करा’ म्हणणारा तो खुत्स्पावाला. अमेरिकेत आल्यावर त्यात कौतुक मिसळलं. धाडस, छाती, कुणालाही न बिचकणं. १९९८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रातही तो शब्द आला, न्यायमूर्ती स्कालिया यांच्या मतात. शब्द असा घराबाहेर पडला की तो फक्त घराचा राहत नाही, आणि त्याला हरकतही घेता येत नाही. घरातल्यांनीच तो टाकून दिला, तर मात्र त्याचा जुना अर्थ सांगायला कुणी उरत नाही.

या इंग्रजीत शब्दांखेरीज वाक्यरचनाही यिडिशची आहे, आणि इथे मराठी वाचकाला चटकन ओळख पटेल. धार्मिक ज्यू इंग्रजीत हिब्रू धातुसाधित घेऊन त्याला ‘असणे’ हे इंग्रजी क्रियापद जोडतात. ‘मोखेल’ म्हणजे क्षमा करणारा. मग ‘मी तुला मोखेल आहे’ म्हणजे मी तुला माफ केलं. ही यिडिशची पद्धत इंग्रजीत उतरली आहे. आपण वेगळं काय करतो? ‘मंजूर’, ‘माफ’, ‘मौकूफ’ हे शब्द अरबीतून फारसीमार्गे आले आणि आपण त्यांना ‘करणे’, ‘होणे’ जोडून दिलं. अरबी आणि हिब्रू या सख्ख्या भाषा. म्हणजे ऱ्हाईनकाठच्या ज्यूंनी आणि सह्याद्रीच्या पायथ्याच्या कारकुनांनी सेमिटिक शब्द घरात घेताना जवळपास सारखीच युक्ती वापरली. दुसरं उदाहरण तर आणखी जवळचं. इंग्रजीत ‘फॅन्सी-श्मॅन्सी’ म्हणतात तो ‘श्म’ यिडिशचा. शब्दाचं पहिलं अक्षर काढून ‘श्म’ लावला की त्या गोष्टीची किंमत उतरते. आपण ‘डिग्री-बिग्री काही नको’ म्हणतो तेव्हा ‘बि’ हेच काम करतो. अशा रचनेला कुणी अशुद्ध मराठी म्हणत नाही. मग ज्यूंच्या इंग्रजीलाच भेसळ का म्हणायचं?

आता त्या भाषांतराकडे येऊ. ‘शूल’ हा जर्मन ‘शूले’चा भाऊ, म्हणजे शाळा. जिथे देवाचं नाव घ्यायचं तिथेच शिकायचं, ही समजूत त्या एका शब्दात आहे. त्याऐवजी ‘सिनेगॉग’ म्हणा, असं सांगणाऱ्यांच्या एक गोष्ट लक्षात येत नाही : ‘सिनेगॉग’ तरी इंग्रजी कुठे आहे? तो ग्रीक, अर्थ ‘एकत्र जमणं’. एक उसना शब्द काढून दुसरा उसना शब्द आणला, तर सोपं काय झालं? फरक एवढाच, की ‘सिनेगॉग’ बाहेरच्यांच्या सवयीचा आहे. म्हणजे नवख्याची सोय हे कारण पुढे केलं, तरी प्रत्यक्षात बहुसंख्यांच्या कानाला काय ओळखीचं वाटतं तेच मोजलं जातं.

‘बेंच’ हा शब्द घ्या. जेवणानंतरची आभाराची प्रार्थना म्हणणं म्हणजे बेंच करणं. याचं मूळ लॅटिन ‘बेनेडिकेरे’, आशीर्वाद देणं. रोमन जगातल्या ज्यूंनी तो उचलला, तिथून तो ऱ्हाईनकाठी यिडिशमध्ये आला, यिडिशबरोबर पोलंडला गेला आणि बोटीतून न्यूयॉर्कला उतरला. आज ज्यू लग्नांत पाहुण्यांना त्या प्रार्थनेची छोटी पुस्तिका देतात, वर नवरानवरीची नावं आणि तारीख छापलेली. तिला ‘बेंचर’ म्हणतात. पाहुणा ती घरी नेतो आणि वर्षानुवर्षं जेवणाच्या टेबलाजवळ ठेवतो. रोमपासून हडसन नदीपर्यंतचा सगळा प्रवास त्या पातळ पुस्तिकेच्या नावात आहे. ‘ग्रेस’ म्हणून तो पुसायचा कशासाठी?

‘मेन्श’चं आणखी वेगळं. यिडिशमध्ये मेन्श म्हणजे माणूस, आणि ‘तो मेन्श आहे’ म्हणजे त्याच्याकडे माणुसकी आहे. इंग्रजीत हे सांगायला एक शब्द नाही. ‘पर्सन’ म्हणून भागत नाही, ‘जेंटलमन’ म्हटलं की कपडे आणि चालरीत मध्ये येते. मराठीत मात्र हे अलगद बसतं. ‘पैशाने काय, माणूस पाहिजे’ असं आपण म्हणतो तेव्हा आपणही मेन्शच म्हणत असतो.

तरीही नवख्याचा प्रश्न उरतोच. त्याला काय सांगायचं? भाषाशास्त्रज्ञ सेरा बुनिन बेनोर यांनी फिलाडेल्फियातल्या सनातनी ज्यूंमध्ये राहून अभ्यास केला. त्यांचं लक्ष होतं मोठेपणी धर्माकडे वळलेल्या लोकांवर. हे लोक शब्दांना बिचकून परत जात नाहीत असं त्यांना दिसलं. उलट ते शब्द शिकतात, कधी जन्मापासून त्या समाजात असणाऱ्यांपेक्षाही जास्त वापरतात. शिकलेला प्रत्येक शब्द त्यांना आत घेत जातो. बेनोर आणि स्टीव्हन कोहेन यांच्या २००८ च्या पाहणीतही असं आढळलं, की ‘शूल’, ‘डावन’ असे धर्मजीवनातले यिडिश शब्द तरुण ज्यू म्हाताऱ्यांपेक्षा जास्त वापरतात. शब्द आपोआप मरत चाललेत आणि आपण फक्त त्यांना निरोप द्यायचा, असं समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

अगदी बाहेरच्यांचंही उदाहरण आहे. २०१३ सालच्या अमेरिकी राष्ट्रीय स्पेलिंग स्पर्धेत न्यूयॉर्कचा तेरा वर्षांचा भारतीय वंशाचा मुलगा पहिला आला तो ‘क्नेडल’ या शब्दावर. क्नेडल म्हणजे पेसाखच्या सणाला सुपात सोडतात तो मात्झोच्या, म्हणजे बिनखमिराच्या रोटीच्या, पिठाचा गोळा. त्यावरून तिथे जोरदार चर्चा झाली, कारण ‘यिवो’च्या लिप्यंतराप्रमाणे स्पेलिंग वेगळं होतं. मला त्यात लक्षात राहिला तो मुलगा. ज्याच्या घरात तो पदार्थ कधी शिजला नसेल, त्याने शब्द अक्षर न् अक्षर पाठ केला होता. शब्द कुणालाही शिकता येतो, अट एवढीच की कुणीतरी तो शिकण्यासारखा मानला पाहिजे.

म्हणून मला वाटतं, शब्द काढू नका, शिकवा. प्रवचनात ‘शूल’ म्हणा आणि पुढच्याच वाक्यात अर्थ सांगा. पत्रकात खाली दोन ओळी द्या. शेजारी बसलेल्या सुनेला किंवा जावयाला हलक्या आवाजात सांगा. यात कष्ट आहेत, पण हे कष्ट आधीच तिथे असणाऱ्याने घ्यायचे असतात, नव्याने येणाऱ्याने नव्हे. १९४७ साली विस्कॉन्सिनमध्ये सुरू झालेल्या रामा शिबिरांसारख्या ज्यू मुलांच्या उन्हाळी शिबिरांत हे कधीपासून चालू आहे. तिथे जेवणघराला ‘खदर ओखेल’ म्हणतात, दवाखान्याला ‘मार्प’. इस्रायली माणसाला हे ‘मार्प’ कळणार नाही, त्याच्या हिब्रूत ‘मिर्पाआ’ आहे. पण तिथे जाणारी दहा वर्षांची मुलं दोन दिवसांत ते बोलायला लागतात आणि घरी आल्यावरही बोलत राहतात.

सगळेच शब्द जपावेत असं मात्र मी म्हणणार नाही. ‘शिक्सा’ हा बिगरज्यू बाईसाठीचा शब्द ज्या हिब्रू मुळातून येतो त्याचा अर्थ किळसवाणी गोष्ट. काळ्या माणसांसाठी तुच्छतेने वापरला जाणारा ‘श्वार्त्से’ तसाच. वारसा म्हणून हे कुणी कुरवाळत असेल तर ते थांबलं पाहिजे. ज्या घरात सून म्हणून बिगरज्यू मुलगी येते, त्या घरात ‘शिक्सा’ हा शब्द लाडाने म्हटला तरी जखमच करतो.

आणि शब्द जपताना दुसऱ्या एका गोष्टीचंही भान हवं, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. अमेरिकेत ‘ज्यू शब्द’ म्हटलं की यिडिशच धरतात. आधी उच्चारांवरूनच रस्सीखेच झाली. पूर्व युरोपातले ‘शाबस’, ‘ब्रिस’ (सुंता), ‘तालिस’ (प्रार्थनेची शाल) म्हणत. १९४८ नंतर इस्रायली उच्चार प्रतिष्ठेचे झाले आणि अनेक प्रार्थनागृहांनी ‘शब्बात’, ‘ब्रित’, ‘तालित’ स्वीकारले. डोक्यावरच्या टोपीला कुणी ‘यार्मुल्के’ म्हणतं, कुणी ‘किप्पा’, आणि त्यावरून माणूस कोणत्या गटाचा ते कळतं. पण लादिनो (स्पेनमधून आलेल्या ज्यूंची भाषा) बोलणारे, बगदाद आणि येमेनचे अरबी बोलणारे, इराणचे फारसी बोलणारे ज्यू यांचे शब्द या यादीत फारसे येतच नाहीत. आणि मराठी बोलणारे ज्यूही येत नाहीत.

अलिबागच्या इस्राएल आळीत आजही प्रार्थनागृह आहे. कोकणातले हे मराठी ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. त्यांची आडनावं किहीमकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर, अष्टमकर. मुंबईत १७९६ साली सॅम्युएल दिवेकरांनी बांधलेल्या पहिल्या प्रार्थनागृहाला हे लोक ‘मशीद’ म्हणत. पुण्यातल्या ससूनच्या सिनेगॉगला पुणेकर अजून ‘लाल देऊळ’ म्हणतात. १८७४ साली पुण्यात पेसाखची हगादा, म्हणजे त्या सणाच्या रात्री वाचायची पोथी, हिब्रूबरोबर मराठीत छापली गेली. १८८० च्या सुमारास त्यांनी अब्राहाम, योसेफ यांच्या कथांवर मराठीतून कीर्तनं करायला सुरुवात केली. शब्बातच्या किद्दूशला, म्हणजे पेला हातात घेऊन म्हणायच्या आशीर्वादाला, वाइनऐवजी काळ्या मनुकांचं सरबत घेतात, आणि नवस फेडायला एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या, नावाने मलिदा करतात. मलिदा हा शब्द फारसी, एलियाहू हिब्रू, नवस मराठी, आणि सगळं मिळून ज्यू.

हे लोक इस्रायलला गेले, काही इंग्लंड-अमेरिकेला. तिथल्या एखाद्या शूलमध्ये त्यांच्यापैकी कुणाला ‘तुम्ही बेंच म्हणत नाही? मग तुम्ही कसले ज्यू?’ असं ऐकावं लागत असेल, तर शब्द जपण्याचा माझा सगळा आग्रह तिथेच मोडतो. ‘शूल’ टिकायला हवा असेल तर त्याच्या शेजारी मलिद्यालाही जागा हवी. नवख्यांसाठी शब्दांच्या पुस्तिका छापणाऱ्यांनी हे निदान एकदा करून पाहावं.

सणांच्या नावांपासून सुरुवात करता येईल. शतकानुशतकं बाकीच्या ज्यू जगाशी संबंध तुटलेल्या बेने इस्राएलांना हिब्रू नावं आठवत नव्हती. त्यांनी सण पाळले आणि आपल्या भाषेत नावं ठेवली. नव्या वर्षाचा ‘नव्याचा सण’, सुक्कोतच्या सुमाराचा ‘खिरीचा सण’, पुरीमचा ‘होळीचा सण’. आणि योम किप्पूर, वर्षातला सगळ्यात पवित्र दिवस, त्याचं नाव ‘दारफळणीचा सण’, म्हणजे दारं लावून घेण्याचा. त्या दिवशी ते पांढरे कपडे घालून, उपाशी, घराची दारं बंद करून बसत. जगभरचे ज्यू त्याच दिवशी संध्याकाळी शेवटची प्रार्थना म्हणतात तिचं हिब्रू नाव ‘नेइला’ आहे. नेइला म्हणजे दारं बंद होणं.